सातवं नाव

“एक नाव कमी पडतंय, गुरुजी,” फौजदार रणनवरे म्हणाले आणि त्यांनी समोरचा कागद माझ्याकडं सरकवला.

ठाण्याच्या मागच्या खोलीत आम्ही तिघंच उरलो होतो. रणनवरे, शांतता समितीचे अध्यक्ष दत्तोबा कोष्टी आणि समितीचा चिटणीस म्हणून मी, इब्राहिम नदाफ, नगरपालिकेच्या शाळेतला मास्तर. बाकीचे सभासद मिरवणुकांचे रस्ते आणि वेळा ठरवून, चहा पिऊन गेले होते.

कागदावर नावांच्या दोन रांगा होत्या. डावीकडं सात नावं, कोष्टी गल्ली आणि तेली चौकातली. उजवीकडं सहा. ती आमच्या मोहल्ल्यातली.

ते शहाऐंशी साल. त्या वर्षी मोहरम आणि गणपती एकाच आठवड्यात आले होते. एका दिवशी ताबूत नदीला जाणार आणि दुसऱ्या दिवशी गणपती, तेही त्याच रस्त्यानं. अशा वेळी पोलीस गावातले दांडगट लोक सणाच्या आधीच उचलत, तहसीलदारांसमोर उभे करत आणि सहा महिने नीट वागेन असं त्यांच्याकडून लिहून घेत. याला गावात ‘चॅप्टर’ म्हणत. कुणावर चॅप्टर लावायची, याची यादी फौजदार समितीला विचारून करत. रिवाजच होता तसा.

“सहा आहेत ती पुरेत की, साहेब,” मी म्हणालो.

“मला पुरतील. वर पुरत नाहीत. मागच्या साली एक कमी-जास्त झालं, तर दोन पानी खुलासा लिहायला लागला. एका समाजाला झुकतं माप का दिलं म्हणून. सारखी पाहिजेत.”

“मग डावीकडचं एक कमी करा.”

“कुठलं करू? तुम्हीच बोट ठेवा. आणि ज्याला सोडला त्यानंच त्या दिवशी दगड उचलला, तर?”

 डावीकडची नावं दत्तोबांनीच सांगितली होती. उजवीकडची सहा माझी होती. त्या सहांबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही फारसं वाटत नाही. दोघांनी वस्तरे चालवले होते आणि बाकीचे त्यांच्या मागं फिरत.

“चॅप्टर म्हणजे काही फाशी नव्हे, गुरुजी,” रणनवरे म्हणाले. “चार दिवस ठाण्यात बसेल, जेवेल, घरी जाईल.”

मी मोहल्ला डोळ्यांसमोर आणला. एक नाव आलं, पण तो नगरसेवकाचा भाचा होता. दुसऱ्याला चार भाऊ होते आणि चौघेही माझ्या दारात येऊन बसले असते. तिसरा माझ्या बायकोच्या नात्यातला. मग एक नाव आलं, ज्याच्या मागं कुणीच नव्हतं.

“दस्तगीर शिकलगार,” मी म्हणालो. “कबड्डीच्या मारामारीत होता तो. रजिस्टरला नाव असेल.”

हवालदारानं जुनं रजिस्टर आणलं. नाव होतं. सात वर्षांपूर्वीचं. दस्तगीर तेव्हा अठराचा होता, आणि त्याला ठाण्यातून सोडवून आणायला मीच गेलो होतो.

“झालं,” रणनवरे म्हणाले आणि पेन माझ्या हातात दिलं.

मी उजव्या रांगेत सातवं नाव लिहिलं. दत्तोबांनी कागद वाचायला घेतला. दस्तगीर त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. कोष्टी गल्लीच्या गणपतीचा ट्रॅक्टर तीन वर्षं तोच चालवत होता. दत्तोबांनी चष्मा काढून पुसला.

“मग ट्रॅक्टरला दुसरा माणूस बघायला पायजे,” ते म्हणाले.

एवढंच. मग खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या.

समितीबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर आम्ही सगळेच नालायक होतो असं वाटेल. तसं नव्हतं. नळावरची भांडणं आम्ही मिटवली होती. मशिदीमागच्या बोळात दिवे नव्हते, ते आणले. आदल्या साली तेली चौकात गुलालावरून हमरीतुमरी झाली, तेव्हा दत्तोबा आणि मी दोन जमावांच्या मधे जाऊन उभे राहिलो होतो. लोक मला मानत. फौजदार मला बघितलं की खुर्ची सरकवत. प्राथमिक शाळेच्या मास्तराला खुर्ची सरकवणारी माणसं फार नसतात.

दस्तगीरला चौथ्या दिवशी सकाळी उचललं. मी शाळेत जायला निघालो होतो, तेवढ्यात त्याची आई दारात आली. खातूनबी. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, कैच्या-सुऱ्यांना धार लावायचं त्याचं चाक तिनं स्वतः फिरवून एकुलता पोरगा वाढवला होता. तिच्या पायांत चपला नव्हत्या.

“गुरुजी, दस्तगीरला नेलं हो. आंघोळ करून चहाला बसला होता. दोन पोलीस आले, साहेबांनी बोलावलंय म्हणाले. कप तसाच हाय चुलीपाशी.”

“सणापुरतं असेल, खाला,” मी म्हणालो. “चला, मी येतो.”

माझी बायको शमशाद आतून आली आणि तिनं खातूनबींना स्वतःच्या चपला दिल्या. आम्ही ठाण्यात गेलो. रणनवऱ्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग त्या माउलीकडं. ते काय बोलतात याची मला भीती वाटली.

“बाई,” ते म्हणाले, “गुरुजी आलेत म्हणून सांगतो. पोराला कुणी हात लावणार नाही. दोन्ही वेळचा डबा आणून द्या. दुसऱ्या कुणाला परवानगी नाही, तुम्हाला देतो.”

खातूनबींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. “तुमच्यामुळं एवढं तरी झालं,” त्या म्हणाल्या.

मी आत गेलो. कोठडीत आमच्या मोहल्ल्यातले बाकीचे सहाजण भिंतीला टेकून बसले होते आणि दस्तगीर गजांपाशी उभा होता. धुतलेला पांढरा शर्ट, केस ओले.

“मी काय केलंय, गुरुजी?”

“काही नाही. सणापुरतं आहे. गणपती गेले की सोडतील.”

“पण नाव कुणी दिलं माझं?”

“याद्या वरून येतात.”

त्यानं जरा विचार केला. “वरच्यांना मी कसा ठाऊक?”

“ते कबड्डीचं असेल. रजिस्टरला आहे ना.”

“ते खोडलंय म्हणून तुम्हीच सांगितलं होतं.”

“खोडलं असेल असं मला वाटलं होतं,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. त्याला ते पटलं. मी सांगितलेलं त्याला नेहमी पटायचं. दुसरीपासून चौथीपर्यंत तो माझ्या वर्गात होता. मग तो म्हणाला, “दत्तोबांना एक सांगा. ट्रॅक्टरचा क्लच चढाला अर्धा दाबून ठेवायला लागतो. नवा माणूस असेल तर गाडी मागं येईल. मागं पोरं नाचत असतात.”

मी तो निरोप दत्तोबांना दिला. “बरं झालं सांगितलंत,” ते म्हणाले आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागले.

दोन्ही मिरवणुका शांततेत पार पडल्या. दुसऱ्या आठवड्यात प्रांतसाहेब आले. नगरपालिकेच्या सभागृहात समितीचा सत्कार झाला. दत्तोबांना आणि मला एकाच हारात उभं करून फोटो काढला, तो जिल्ह्याच्या साप्ताहिकात छापून आला. शमशादनं तो कापून काचेच्या कपाटाला आतून चिकटवला.

दस्तगीरला तहसीलदारांसमोर उभं केलं, तेव्हा जामीन राहायला माणूस लागला. खातूनबी माझ्याकडं आल्या. मी गेलो आणि जामीन राहिलो. कचेरीच्या पायऱ्या उतरताना दस्तगीर माझ्या मागून चालत होता. खाली आल्यावर तो म्हणाला, “अब्बा असते तर असेच आले असते.”

मला वाटलं, संपलं.

सप्टेंबरच्या अखेरीस एक दिवस शाळेच्या मधल्या सुट्टीत तो धावतच आला. हातात खाकी पाकीट. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हरची जागा निघाली होती. उन्हाळ्यात त्यानं अर्ज केला होता, गाडी चालवून दाखवली होती, आणि यादीत त्याचा पहिला नंबर लागला होता. मी पत्र दोनदा वाचलं. कायम नोकरी, पेन्शनची. त्याच्या बरोबरीची सगळी पोरं यंत्रमागावर बारा-बारा तास उभी राहत होती.

“खाली काय लिहिलंय ते वाचा, गुरुजी.”

खाली लिहिलं होतं, की पोलीस ठाण्याचा चारित्र्याचा दाखला पंधरा ऑक्टोबरच्या आत हजर करावा.

“ठाण्यात गेलो होतो,” तो म्हणाला. “हवालदार म्हणाला, तुझ्यावर चॅप्टर चालू आहे, सहा महिने दाखला मिळणार नाही. तुम्ही एक शब्द टाका. साहेब तुमचं ऐकतात.”

“टाकतो,” मी म्हणालो. “काळजी करू नकोस.”

त्याच संध्याकाळी मी रणनवऱ्यांकडं गेलो. ते क्वार्टरच्या अंगणात गुलाबाला आळं करत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बादलीत हात धुतले.

“चांगला मुलगा आहे,” ते म्हणाले. “मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. बाकीचे सहा शिव्या देत होते, हा कोठडी झाडून काढत होता.”

“मग दाखला देता येईल?”

“येईल की. चॅप्टर काढून टाकली तर. मी तहसीलदारांना अहवाल देतो, मिळालेली माहिती चुकीची होती, कारवाई रद्द व्हावी. दोन दिवसांचं काम. पण माझ्या अहवालाला आधार पाहिजे.”

“कसला आधार?”

“नाव तुमच्या अक्षरात आहे, सही तुमची आहे. तुम्ही लिहून द्या. सदर इसमाचं नाव मी नजरचुकीनं दिलं, त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. चार ओळी.”

 ते माझ्याकडं बघत होते. वाईट माणूस नव्हता तो.

“गुरुजी, पुढचंही सांगून ठेवतो. ते पत्र तहसीलच्या फाइलला लागेल. उद्या त्यानं किंवा त्याच्या वकिलानं फाइलची नक्कल मागितली, तर ती द्यावी लागते.”

“म्हणजे त्याला कळेल.”

“कळेल असं नाही. कळू शकतं.”

“उद्या आणून देतो,” मी म्हणालो.

घरी येऊन मी ते पत्र लिहिलं. चार नव्हे, सहा ओळी झाल्या. नजरचुकीनं हा शब्द मी दोनदा खोडला आणि दोनदा परत लिहिला. अखेर सही केली, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती. तिसऱ्या दिवशी समितीची बैठक होती, हातगाड्यांच्या जागेवरून. ती ठाण्यातच होती. रणनवरे दोन हातांच्या अंतरावर बसले होते आणि पत्र माझ्या खिशात होतं. पण दत्तोबा शेजारी, बाकीचे समोर. बैठक संपल्यावर देऊ म्हटलं. बैठक संपली आणि मी दत्तोबांच्या बरोबर बोलत बोलत बाहेर पडलो. रणनवऱ्यांनी मला हाक मारली नाही. त्यांना वाटलं असेल, माणसाला विचार करायला वेळ द्यावा.

त्या दिवसांत मोहल्ल्यातून चालताना मी माणसांचे चेहरे बघायचो. यांना कळलं तर काय, एवढाच विचार डोक्यात असायचा. नदाफ गुरुजींनी आपल्याच पोराचं नाव दिलं. मग बाकीची सहा कुणी दिली? त्याआधीच्या वर्षीची? एक धागा निघाला की सगळं उसवणार होतं. त्याच दिवाळीनंतर मुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार होती, हेही मनात होतं. नव्हतं असं म्हणणार नाही.

दस्तगीर दर दोन दिवसांनी यायचा. कधी काही विचारायचा नाही. अंगणात उभा राहायचा, शमशादला पाणी भरू लागायचा, मग जाताना म्हणायचा, “साहेब काय म्हणाले?”

“करतो म्हणाले. कागद वर गेलाय.”

“दवाखान्यात जाऊन गाडी बघून आलो, गुरुजी. नवी कोरी आहे. आत स्ट्रेचरला रबरी चाकं आहेत, आवाजसुद्धा येत नाही.”

चौदा तारखेला मी रजा टाकली आणि सकाळी अकराला ठाण्यात गेलो. देऊन टाकायचंच, असं ठरवून गेलो होतो. मी हे आज मनाची समजूत म्हणून सांगत नाही, खरंच ठरवलं होतं. रणनवरे नव्हते. मंत्री येणार होते म्हणून त्यांना जिल्ह्याला बंदोबस्ताला नेलं होतं.

“काय काम होतं, गुरुजी?” हवालदारानं विचारलं.

“साहेबांना एक पत्र द्यायचं होतं.”

“ठेवून जा की. रात्री परत येतील, आल्या आल्या देतो.”

माझा हात खिशात होता. पत्राची कड बोटांना लागत होती. हवालदारानं हात पुढं केला होता. चांगला जुना माणूस, माझ्या दोन पुतण्यांना ओळखणारा. तो वाचेल का? वाचेल. संध्याकाळी चौकातल्या पानपट्टीवर सांगेल का? कदाचित.

“नको,” मी म्हणालो. “त्यांच्याच हातात द्यायचं आहे.”

“मग उद्या या.”

“उद्या येतो.”

उद्या म्हणजे पंधरा तारीख. त्या दिवशी मी शाळेत गेलो. मुलांकडून तेराचा आणि चौदाचा पाढा म्हणून घेतला. साडेपाचला दवाखान्याची कचेरी बंद झाली असेल तेव्हा मी वर्गातच बसून होतो, मुलं कधीच गेली होती.

दस्तगीर सात वाजता आला. त्याची आई बरोबर होती.

“नाही झालं, गुरुजी,” तो म्हणाला. “दिवसभर दवाखान्याच्या दारात बसलो होतो. तिथल्या साहेबांनी सांगितलं, दुसऱ्या नंबरवाल्याला उद्या बोलावलंय.”

शमशाद चहा टाकायला आत गेली. मी काहीतरी बोललो. नोकऱ्या पुन्हा निघतात, वय आहे अजून, असलं काहीतरी. खातूनबींनी माझ्याकडं बघितलं आणि त्या मलाच समजवायला लागल्या.

“तुम्ही नका मनाला लावून घेऊ. तुम्ही किती फेऱ्या मारल्या, मला ठाऊक हाय. नशिबात नव्हतं.”

ती जागा दुसऱ्या नंबरच्या ज्या माणसाला मिळाली, तो आमच्याच गावचा. तो मी पुढं तीस वर्षं बघितला. सालस होता. आता निवृत्त झालाय आणि सकाळी नदीकाठाला फिरायला येतो. मला नमस्कार करतो.

पत्र मी जाळलं नाही आणि फाडलंही नाही. महिनाभर खिशात राहिलं, मग शमशादनं कोट धुवायला काढला तेव्हा त्याचा लगदा झाला. तिनं विचारलं, “कामाचं होतं का काही?” मी नाही म्हणालो.

दिवाळीनंतर मी मुख्याध्यापक झालो. जानेवारीत दस्तगीर गुजरातेत अंकलेश्वरला गेला, रसायनांच्या टँकरवर. इथं एक स्थळ बघून ठेवलं होतं, ते दवाखान्याची नोकरी नाही म्हटल्यावर मोडलं. जाताना तो पाया पडायला आला. आमच्यात तशी रीत नाही, पण शाळेत त्याला मीच ती सवय लावली होती.

“आईला वाचता येत नाही,” तो म्हणाला. “पत्र तुमच्या पत्त्यावर टाकीन. वाचून दाखवा. आणि ती सांगेल ते लिहा.”

तसं सुरू झालं. महिन्याला एक पत्र येई. आंतर्देशीय पत्र, बारीक अक्षर. खातूनबी दुपारी यायच्या, शमशाद चहा द्यायची, मी वाचायचो. तिकडची हवा, खाडीचा वास, भाकरी मिळत नाही म्हणून स्वतः थापतो, टँकरला मागून कुणी चिकटून गाडी चालवली की जीव खालीवर होतो. आणि शेवटची ओळ ठरलेली. ‘गुरुजींना माझा सलाम सांग. गावात माझं माणूस म्हणजे तेच.’

ती ओळ मी पहिल्या पत्रात वाचली. दुसऱ्या पत्रातही वाचली. तिसऱ्यापासून मी ती गाळायला लागलो. ‘बाकी सर्व ठीक’ असं म्हणून मी पत्र दुमडायचो.

चार वर्षांनी एक पत्र आलं, ते दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात होतं. घाटात टँकर उलटला होता. दस्तगीर वाचला होता, पण डाव्या पायाची तीन बोटं गेली होती आणि रसायन सांडून पाठ भाजली होती. मी वाचलं. खातूनबींनी मधे एकदाही थांबवलं नाही. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, “लिहा. मी येते म्हणावं. कुठल्या गाडीनं यायचं ते कळव म्हणावं.”

मी पेन उचललं. शमशाद त्या वेळी माहेरी गेली होती, घरात आम्ही दोघंच. मी ‘चिरंजीव दस्तगीर यास’ एवढं लिहिलं आणि पुढं हात चालेना.

“खाला,” मी म्हणालो, “त्या साली दस्तगीरचं नाव ठाण्यात मी दिलं होतं.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग मी सगळं सांगितलं. सारखी नावं पाहिजे होती ते, मागं कुणी नव्हतं म्हणून त्याचं निवडलं ते, आणि ते पत्र. हवालदारानं पुढं केलेला हातसुद्धा सांगितला. सांगताना मी त्यांच्या पायांकडं बघत होतो.

 बाहेर रस्त्यानं भांडीवाला ओरडत गेला. त्या रडतील, शिव्या देतील, उठून मोहल्ला गोळा करतील, असं मला वाटत होतं. मला तेच हवं होतं, असंही आज वाटतं.

“हे त्याला लिहू नका,” त्या म्हणाल्या.

“खाला, त्याला कळायला हवं. मी त्याची माफी मागतो.”

“माफी मागून तुमचं हलकं होईल. त्याचं काय होईल? तिकडं कोण हाय त्याचं? परक्या मुलखात पडलाय, पाय गेलाय. गावात एक माणूस हाय असं धरून बसलाय, ते कशाला काढून घेता? लिहा. मी येते म्हणावं.”

मी लिहिलं.

त्या जाऊन, महिनाभर राहून परत आल्या. पुढची पत्रंही माझ्याच पत्त्यावर येत राहिली आणि खातूनबी ती वाचून घ्यायला माझ्याकडंच येत राहिल्या. फरक एवढाच, की खुर्चीवर न बसता उंबऱ्याशी बसायच्या आणि चहा घेत नसत. शमशाद दोनदा-तीनदा म्हणाली, “खालांना चहा सोसत नाही वाटतं हल्ली.” मी हो म्हणालो.

परत आल्यानंतरच्या पहिल्या पत्राच्या वेळची गोष्ट. मी वाचत शेवटापर्यंत आलो, ‘बाकी सर्व ठीक’ म्हणालो आणि पत्र दुमडायला लागलो.

“शेवटची ओळ वाचली नाही, गुरुजी,” त्या म्हणाल्या.

“काही नाही, नेहमीचंच आहे.”

“तिकडं त्यानं मला विचारलं, गुरुजींना माझा सलाम सांगतेस ना? सगळ्या पत्रांत असते म्हणाला ती ओळ. पहिल्या दोन पत्रांनंतर मला ती ऐकू आली नाही. वाचा.”

मी वाचली. ‘गुरुजींना माझा सलाम सांग. गावात माझं माणूस म्हणजे तेच.’ त्या ऐकून उठल्या, पत्र घेतलं आणि गेल्या.

त्यानंतर त्या अकरा वर्षं जगल्या. महिन्याला एक पत्र. दर वेळी शेवटची ओळ होईपर्यंत उंबऱ्याशी बसून असायच्या. मला कधी एक शब्द बोलल्या नाहीत, मोहल्ल्यात कुणाला कळू दिलं नाही. समिती मी त्यांना सगळं सांगितलं त्याच वर्षी सोडली होती. प्रकृतीचं कारण दिलं.

त्या गेल्या तेव्हा दस्तगीर आला. केस पांढरे झालेले, पायात जाड तळाचा बूट, बरोबर तिकडं केलेली बायको आणि दोन मुली. माती देऊन परतताना कबरस्तानच्या फाटकाशी त्यानं मला मिठी मारली. आजूबाजूला सगळा मोहल्ला होता.

“आईला तुमचाच आधार होता, गुरुजी,” तो म्हणाला. “शेवटी काही म्हणाली का माझ्यासाठी?”

“नाही,” मी म्हणालो. “शांतपणे गेल्या.”

त्यानं मुलींना पुढं बोलावलं आणि मला सलाम करायला लावला. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. खातूनबींनी सांगितलं होतं म्हणून मी काही बोललो नाही. त्यांनी सांगितलं नसतं, तर बोललो असतो की नाही, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.